दहा, अकरा आणि बारा नंबरचं मडकं

तुरीला किडा लागावा म्हणून चार महिने देव पाण्यात घालून बसलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मी एकटाच असेन. बाकीचे लोक किडा लागू नये म्हणून धडपडतात. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, तेव्हा एवढं मलाही कळतं. पण मला अनुदान मिळालं होतं, आणि अनुदान मिळालेल्या माणसाला साधी गोष्ट साध्या पद्धतीने करता येत नाही.

अनुदान काही मोठं नव्हतं. दिल्लीच्या एका संस्थेने ते काढलं होतं. नवख्या संशोधकांनी परदेशातल्या नवख्या संशोधकांशी जोडी जमवावी, दोघांनी मिळून एक लहानसा प्रयोग करावा, एकदा त्यांनी इकडे यावं, एकदा आपण तिकडे जावं आणि त्यातून पुढे मोठं काम उभं राहावं, असा त्यामागचा हेतू. नवखा म्हणजे पीएचडी होऊन सात वर्षं न झालेला. मला सहा वर्षं अकरा महिने झाले होते. इथल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, पुढचे केस विरळ झाले आहेत आणि मुलं पाठीमागे मला काका म्हणतात. तरी दिल्लीच्या पत्रात 'उदयोन्मुख' असा शब्द होता, आणि तो मी उज्ज्वलाला दोनदा वाचून दाखवला. उज्ज्वला माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने पत्राची नीट घडी घालून दिली आणि येताना दही आणायला सांगितलं.

माझी परदेशातली जोडीदार म्हणजे डॉक्टर म्वेंदे. केनियातल्या कितुई नावाच्या गावाकडची. एका ऑनलाइन परिषदेत माझा आवाज पाच मिनिटं बंद होता आणि मी बोलतच होतो, हे तिने पहिल्यांदा लक्षात आणून दिलं, तिथून ओळख. तिच्याकडेही तूर पिकते, तिच्या तुरीलाही तोच भुंगा लागतो, आणि तिच्याकडच्या बायकाही आपल्यासारखीच राख लावून तूर ठेवतात. मग आम्ही ठरवलं की दोन्हीकडे बारा-बारा मडकी मांडायची. प्रत्येकात मोजून तूर आणि मोजून भुंगे सोडायचे. पहिल्या तिनांत गोवऱ्यांची राख, पुढच्या तिनांत कडुनिंबाचा पाला, पुढच्या तिनांत एरंडेल. आणि दहा, अकरा, बारा या शेवटच्या तीन मडक्यांत काहीच नाही. एकशेवीस दिवसांनी प्रत्येक मडक्यातले शंभर दाणे घेऊन भोक पडलेले किती ते मोजायचं. इथली मोजणी तिने येऊन करायची, तिथली मी जाऊन. इथल्या मोजणीचा दोघांच्या सह्यांचा तक्ता दिल्लीला गेला की दुसऱ्या वर्षाची मंजुरी आणि माझं विमान. तक्ता गेला नाही तर दोन्ही रद्द.

आता शहाण्या वाचकाच्या लक्षात आलंच असेल की या सगळ्यात जीव होता तो त्या शेवटच्या तीन मडक्यांत. काहीच न केलेली तूर किती किडते हे दाखवल्याशिवाय राखेने किती वाचवली हे सांगणार कसं? ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगितली, प्राचार्यांना सांगितली, फोनवर दिल्लीला सांगितली. एका माणसाला सांगायची राहिली, पण ते पुढे येईलच.

आमच्याकडे काम होण्याआधी सत्कार होतो. मंजुरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात कॉलेजने शाल आणि नारळ दिला, कॉलनीने वेगळा नारळ दिला, आणि दोन्हीकडे मी 'नैरोबीहून आल्यावर' या शब्दांनी भाषण संपवलं. पासपोर्टसुद्धा काढला. त्यातला फोटो पाहून उज्ज्वला म्हणाली की या माणसाला कुठलाही देश आत घेणार नाही, पण बाहेर मात्र लगेच सोडतील.

पहिली अडचण आली ती हेडक्लार्क मदनसिंग यांच्या टेबलावर. मदनसिंग स्वभावाने गरीब, पण नियमाच्या बाबतीत देवळातल्या खांबासारखे. बारा मडक्यांसाठी त्यांनी तीन कोटेशनं मागितली, आणि कुंभाराकडे लेटरहेड नसतं हे ऐकून त्यांना खरंच दुःख झालं. ते कसंबसं मिटलं तर त्यांनी परदेशी पाहुणीच्या प्रवासाची फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाले, "सर, ह्या मॅडमचे तीन कोटेशन लागतीन."

मी म्हटलं, शास्त्रज्ञाचं कोटेशन कसं आणणार? ते म्हणाले की त्यांनाही माहीत नाही, पण नियमात शास्त्रज्ञाला सूट असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तीन दिवस ती फाइल तिथेच थांबली. शेवटी त्यांनीच वाट काढली. एखादी वस्तू एकाच पुरवठादाराकडे मिळत असेल तर तसा दाखला जोडता येतो. मी मुकाट्याने लिहून दिलं की डॉक्टर म्वेंदे या डॉक्टर म्वेंदे यांच्या एकमेव पुरवठादार आहेत. मदनसिंगांनी त्यावर गोल शिक्का मारला आणि मला चहा पाजला.

दुसरी अडचण जागेची. मडकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवली होती, पण परीक्षा लागल्या आणि प्रयोगशाळेची प्रश्नपत्रिकांची खोली करण्यात आली. दाराला दोन कुलपं लागली, बाहेर खुर्ची टाकून शिपाई बसला. भुंग्यांना परीक्षेचं वेळापत्रक समजावून सांगणं शक्य नव्हतं. मग मी ऑटोतून तीन फेऱ्या मारून बारा मडकी आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या खोलीत आणली. नऊ मडकी खिडकीखाली रांगेत मांडली. शेवटच्या तिनांतून करकर असा बारीक आवाज यायला लागला होता, म्हणून ती कोपऱ्यात ठेवून वर गोणपाट टाकलं. उज्ज्वलाने एकच अट घातली की यातला एक जरी भुंगा स्वयंपाकघरात दिसला तर मी आणि तो दोघांनी बाहेर राहायचं.

शेजारी बबनराव. यांची शेलूबाजारला शेती, मुलांच्या शिक्षणासाठी वाशीमला बिऱ्हाड. बबनराव सल्ला द्यायला येतात तेव्हा खुर्ची स्वतः ओढून घेतात. पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की कूलरला नवीन वाळा टाका, काटे-चमचे आणा, आणि तिला भाजीत तिखट देऊ नका. पण त्यांच्या पोटात खरी गोष्ट वेगळीच होती. आफ्रिकेची तूर बंदरावर उतरली की इथे बाजारात भाव पडतो, हे त्यांचं जुनं दुखणं. आता आफ्रिका स्वतःच शेजारी राहायला येणार होती. "येऊ द्या सर," ते म्हणाले, "मले बाईले दोन गोष्टी विचाराच्या हायेत."

याच दिवसांत म्वेंदेचा मेल आला की तिच्याकडच्या प्रयोगात स्थानिक अडचण आली, शेवटची तीन मडकी पुन्हा मांडावी लागली, तेव्हा तिची मोजणी महिनाभर उशिरा होईल. स्थानिक अडचण म्हणजे काय ते तिने लिहिलं नव्हतं. बबनरावांनी विचारलं तेव्हा मला माहीत नाही असं म्हणणं माझ्या शालीला शोभलं नसतं. मी म्हटलं, हत्ती असतील. संध्याकाळपर्यंत कॉलनीत हत्तींचा आकडा सात झाला होता. मीही तो खोडून काढला नाही.

तिसरी अडचण लॉजची. परदेशी पाहुणा ठेवला की 'फॉर्म सी' नावाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. ज्या लॉजवर मी खोली पाहिली होती तिथल्या मालकाने ते नाव ऐकलं आणि हात जोडले. त्याच्याकडे एकदा पंख्यावरून भांडण झालं होतं, तेवढाच त्याला पोलिसांचा अनुभव पुरे होता. तेव्हा पाहुणी आमच्याच घरी उतरणार आणि अर्ज मीच भरणार असं ठरलं. त्यासाठी घराची कागदपत्रं, अकोल्याच्या घरमालकाची सही, कॉलेजचं पत्र, दिल्लीचं पत्र. एक हवालदार चौकशीला येऊन गेले. अतिशय सभ्य माणूस, चहासुद्धा घेतला नाही. पण ते शेजारीपाजारी 'सर कसे आहेत' असं विचारून गेले आणि मी दूध आणायला निघालो तर दोघांनी माझ्याशी नजर मिळवली नाही. एका गृहस्थांनी हळूच ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला. दोन नारळांत कमावलेली इभ्रत एका सकाळीत निम्म्यावर आली.

आणि या धावपळीत, मोजणीला आठ दिवस राहिले असताना, कामरगावहून माझी आई आली.

माझी आई मनकर्णाबाई. शाळा चौथीपर्यंत, पण कामरगावात धान्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. दाणा दाताखाली धरून ती ओलावा सांगते. कुणाच्या घरी तूर भरायची असली की तिला बोलावणं येतं, आणि पेरणीच्या वेळी बायका तिच्याकडचीच तूर मागायला येतात, कारण तिच्या घरी भोक पडलेला दाणा कुणी कधी पाहिलेला नाही. तिची सगळी प्रतिष्ठा त्यात आहे. माझ्या अनुदानाबद्दल ती कुणाला फारसं सांगत नाही. काय सांगावं हे तिला कळत नसावं.

आल्याआल्या तिने घर पाहिलं, मागची खोली पाहिली. मी हातात फायली घेऊन चपला शोधत होतो. तिने गोणपाटाकडे बोट करून विचारलं की हे काय. मी म्हटलं, "माय, त्या तीन मडक्यांले हात लावू नको." ती म्हणाली बरं. कारण विचारण्याएवढा वेळ मी तिला दिला नाही, आणि सांगायचं मला सुचलं नाही. चाळीस मुलांना दर वर्षी जे समजावतो ते आपल्या आईला समजावण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ठरल्या दिवशी मी अकोल्याहून गाडी करून म्वेंदेला घेऊन आलो. तिशीच्या पुढची, उंच, हसरी, आणि जून महिन्याच्या त्या उन्हात माझ्यापेक्षा कितीतरी ताजी. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यात सर्वांत मोठे प्राचार्य, त्याखालोखाल सिंह, मग म्वेंदे, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टवाल्या फोटोत मी. म्वेंदेने बराच वेळ पाहून विचारलं की सिंह या प्रयोगात नेमका कुठल्या टप्प्यावर येतो.

घरी आल्यावर काटे-चमचे तसेच राहिले. तिने भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि आईकडे पाहून मान डोलावली. आई तिच्या हाताकडे पाहत होती. नंतर मला म्हणाली की पोरगी शेतातली आहे, बोटं सांगतात.

बबनराव हातात मूठभर तूर घेऊन हजर झाले. त्यांचा सवाल त्यांनी आवेशाने मांडला, मी इंग्रजीत सांगताना त्यातला आवेश जरा कमी केला. म्वेंदेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिच्या आईचीही तूर तिकडचे व्यापारी असंच नाक मुरडून घेतात, आणि भारताने दार बंद केलं की पोतं कुणी उचलतही नाही. तिकडचे शेतकरीही सगळा दोष इकडच्या लोकांना देतात. बबनरावांनी खुर्ची पुढे ओढली. मुठीतली तूर तिच्या ओंजळीत ओतली आणि मला म्हणाले, "मंग हिच्याशी कायले भांडू मी? हे तर आपल्यातलीच हाये." दुसऱ्या दिवशी त्यांच्या भागिरथाबाईंनी लोणचं पाठवलं, तिखट कमी न करता.

मोजणीच्या दिवशी मागच्या खोलीत प्राचार्य आले, मदनसिंग आले, बबनराव आले, एका स्थानिक पेपरचे वार्ताहर आले. दारात आई आणि उज्ज्वला. मी पांढरा कोट घातला होता. उज्ज्वलाने त्याला इस्त्री करून दिली होती, हे तिचं या अनुदानातलं पहिलं जाहीर समर्थन. पहिलं मडकं उघडलं, राखेचं. शंभरात चार. म्वेंदेने टाळी दिली. पाल्याच्या मडक्यांत वीसच्या आसपास, एरंडेलाच्या सहा-सात. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. मग मी कोपऱ्यात गेलो, गोणपाट बाजूला केलं आणि वार्ताहराला सांगितलं की फोटो आता काढा.

दहा नंबरचं झाकण काढलं. आत तूर होती. स्वच्छ, टपोरी, एकसारखी तूर. वर राखेचा हात नीट फिरवलेला. आत एक भुंगा नाही, एक भोक नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच मडक्यात शंभरात चव्वेचाळीस दाणे किडलेले मी स्वतः मोजले होते. अकरा उघडलं, बारा उघडलं. तिन्हींत देवापुढे ठेवावी अशी तूर. फोटो निघतच होते. घरात किडा सापडत नाही म्हणून माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मी त्या दिवशी अनुभवलं.

मी दाराकडे पाहिलं. आई समाधानाने उभी होती.

"म्याच केली साफ," ती म्हणाली. "भागिरथा न मी, दोघी बसलो. चाळली, ऊन दाखवलं, राख लावली. परदेसातली पाहुणी येऊन राह्यली न तू किडकी तूर गोणपाटाखाली लपून ठेवली. हात लावू नको म्हणे. मले समजलं, लाजून राह्यला पोरगा. म्या म्हटलं, मी असताना त्याले कायले लाजा लागते?"

किडके दाणे कुठे आहेत हे मी विचारलं. ते भागिरथाबाईंच्या कोंबड्यांनी खाल्ले होते. चार महिन्यांचा पुरावा, आणि कोंबड्यांची तब्येत उत्तम असल्याचं बबनरावांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं.

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. ते अनुभवी गृहस्थ. म्हणाले की पंधरा दिवसांपूर्वी चव्वेचाळीस होते ना, मग आज साठ झालेच असते, साठ लिहा, दिल्लीहून कोण कोंबड्यांना विचारायला येतंय? मी तक्त्याकडे पाहिलं. तीन रिकाम्या चौकटी. त्या भरल्या की विमान, नाही भरल्या की दोन नारळ परत केल्यासारखं. खोटं बोलत नाही, मी पेन उचललं होतं. म्वेंदेला मराठी येत नव्हतं, पण ती माझ्या पेनाकडे पाहत होती. मी पेनाला टोपण लावलं. प्राचार्यांना म्हटलं, सर, आकडा नाही म्हणजे नाही. माझा आवाज जरा चिरका आला, पण वाक्य पूर्ण झालं.

उज्ज्वलाने झाला प्रकार इंग्रजीत सांगितला, तेव्हा म्वेंदे खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला आधी रागच आला. मग तिने सांगितलं की तिकडची ती स्थानिक अडचण म्हणजे तिची आई. तिनेही प्रयोग आईच्या घरी मांडला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात आईने तिन्ही मडकी ओतून, निवडून, राख लावून परत भरली होती. मुलगी एवढी शिकली आणि तिला तूर ठेवता येत नाही, हे शेजारच्या बायकांना कळू नये म्हणून. संशोधकाने आईची तक्रार मेलमध्ये कशी लिहावी हे न सुचल्यामुळे तिने स्थानिक अडचण असं लिहिलं होतं.

बबनरावांनी विचारलं, बाई काय म्हणतात. मला सांगावंच लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग सर, ते सात हत्ती?" मी कोट काढून ठेवला.

सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही मुदतवाढीचा अर्ज लिहायला बसलो. म्वेंदेने उज्ज्वलाला मध्ये घेतलं आणि आईला समोर बसवलं. ताटलीत दोन मुठी तूर घेतली, एका मुठीला राख लावली, एक तशीच ठेवली. उज्ज्वला मराठीत सांगत गेली. ही किडली नाही तर ती राखेमुळे किडली नाही हे सांगायचं कसं? ही शेजारी नुसती ठेवली आणि ही किडली, तरच. आईने दोन्ही मुठी पाहिल्या. मग माझ्याकडे वळली.

"एवढंच होतं? मंग तोंडानं सांगाव नं बाप्पा. माह्या राखेची खात्री पटवाची होती लोकायले, न म्याच ते पुसून टाकलं."

तिचा चेहरा उतरला. त्या रात्री ती जेवली नाही असं काही झालं नाही, जेवली. पण दोनदा मीठ मागायला विसरली. मी म्हटलं की चूक माझी होती. तिने ऐकलं, पण मान्य केलं असं वाटलं नाही.

अर्जातल्या 'विलंबाचं कारण' या रकान्यात आम्ही जे घडलं ते लिहिलं: दोन्ही देशांत नमुन्यांची घरातल्या ज्येष्ठ व्यक्तींकडून साफसफाई. दिल्लीने तीन आठवड्यांनी उत्तर पाठवलं. मुदतवाढ मिळाली. दोन्हीकडे एकाच दिवशी नव्याने सुरुवात करा, मोजणी व्हिडिओ कॉलवर एकमेकांसमोर करा, तक्ता आला की मग विमान, आणि शेवटचे तीन नमुने कोणीही साफ करणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

असं ठिकाण वाशीममध्ये नाही. कॉलेजची प्रयोगशाळा पुरवणी परीक्षेच्या कुलपात होती. बबनरावांना विचारलं तर ते खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, मागाल ते देईन, पण किडकी तूर घरात ठेवून भागिरथा मला घरात ठेवणार नाही. मदनसिंगांनी रेकॉर्ड रूमचा विचार केला, पण नियमात सजीवांची नोंद कोणत्या रजिस्टरला करायची ते सापडेना. ज्या ज्या घरी गेलो तिथे लोक आधी मदत करायला उठत आणि मग ऐकून खाली बसत. किडक्या धान्याला कुणाच्याच घरी जागा नव्हती.

कामरगावला परतलेल्या आईचा फोन आला. तिला उज्ज्वलाने सांगितलं असणार. "इकडं आण," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, माय, तुझ्या घरी? कामरगावात?

"आण म्हटलं नं. माह्या हातानं बिघडलं, माह्याच घरी होईन."

जीपमध्ये मांडीवर एक, पायांत दोन अशी मडकी घेऊन मी कामरगावला गेलो. ती तिन्ही तिने आपल्या खाटेखाली ठेवली. गोणपाट नको म्हणाली. मी ही गोष्ट म्वेंदेला लिहिली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनेही आपली तीन मडकी तिच्या आईकडे नेऊन ठेवली. त्या बाईंनी काय म्हटलं ते तिने कळवलं नाही. होकार मिळाला, एवढंच लिहिलं.

पावसाळाभर मी दर पंधरा दिवसांनी जाऊन दाणे मोजत होतो. ऑक्टोबरात करकर अंगणापर्यंत ऐकू यायला लागली. दिवाळी तोंडावर आलेली. गावात घरोघरी डबे, पेट्या, कणग्या बाहेर निघाल्या होत्या, धान्याला ऊन दाखवणं चाललं होतं, आणि जिच्याकडे सगळा गाव तूर विचारायला यायचा तिच्या खाटेखालून भुंगे चालत बाहेर येत होते. धान्य निवडून भरायला या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही, हे मला आईने नाही, चुलतभावाने सांगितलं. माझ्या विमानाचं भाडं खरं कोण भरत होतं ते मला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं. मडकी परत नेतो असं सांगायला मी त्या संध्याकाळी फोन केला.

आई म्हणाली, "शेजारची कमलीबाई आली होती. म्हणे, मनकर्णा, तुह्या तुरीले किडे."

"मग तू काय म्हटलं?"

"हो म्हटलं."

"प्रयोग आहे म्हणून सांगायचं ना तिला."

"ते समजत नाई तिले. सूप घेऊन आली बिचारी, निवडून देतो म्हणे. दोन वेळा आली. दोन्ही वेळा वापस पाठवली म्या." मग तिने विचारलं, "त्या म्वेंदेच्या मायकडं किती झाले?"

सकाळीच आकडा आला होता. मी म्हटलं, शंभरात बासष्ट.

"अन् आपले?"

"सत्तावन्न."

मागून ती करकर मला फोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होती. मडकी परत न्यायचं मी बोलणारच होतो.

"राहू दे," आई म्हणाली. "आठ दिवस बाकी हायेत अजून."